उलटी गाठ

सुज्ञ वाचकहो, एका नखाएवढ्या फुलाची आणि दोन सख्ख्या भावांची हकीकत येथे सादर करीत आहे. ती एका दुपारी घडली व एका टेबलापाशीच संपली, सबब पाल्हाळ लावलेला नाही.

पुष्पप्रदर्शनात ज्या टेबलावर पहिल्या क्रमांकाची फीत लावली होती, तेथे थोरला भाऊ, रोपवाटिकावाला, वाकून उभा होता. समोर सालीच्या तुकड्यावर एक चिमुकले ऑर्किड होते. ही जात झाडांच्या फांद्यांवर वाढते. लोक तिला बांडगूळ समजतात; परंतु ती झाडाच्या अन्नातील कणही घेत नाही, केवळ आधार घेते. पंख्यासारखी चार पाने, केसासारखा देठ, त्यावर एकच पिवळे फूल आणि फुलाच्या पाकळीवर तांबडा ठिपका.

शेजारी उभ्या असलेल्या एक आजीबाई म्हणाल्या की, एवढेसे फूल दाखवायचे होते तर तिकिटाबरोबर भिंगही द्यायचे होते. आसपासची मंडळी हसली. थोरला हसला नाही.

असा ठिपका त्याने आयुष्यात एकाच रोपावर पाहिला होता. नऊ वर्षांपूर्वी वादळात पडलेल्या फांदीवरून ते रोप त्याने स्वतः उचलून आणले आणि पोटच्या पोरासारखे वाढवले. गेल्या उन्हाळ्यात तो चार दिवस परगावी जाऊन परतला, तेव्हा ज्या फळकुटावर रोप बांधले होते, ते धाकट्याने रिकामे त्याच्यापुढे धरले. रोप कुजले, जाताना दादाने पाणी जास्त घातले, असे त्याने सांगितले. थोरल्याने ते मान्य केले. त्या दिवसापासून झारी धाकट्याच्या हाती गेली. आपला हात आता कापतो, आपल्या हातावर भरवसा ठेवू नये, असे थोरला येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपण होऊन सांगू लागला होता.

टेबलावरील पाटीवर शहरातील रोपांच्या मोठ्या काचघराच्या मालकाचे नाव होते. जगात ठिपका काय एकाच फुलाला असतो, अशी थोरल्याने मनाची समजूत घातली, चष्मा पुसला आणि तो जाण्यास वळणार, इतक्यात त्याला दोरा दिसला.

रोप सालीला हिरव्या बारीक दोऱ्याने बांधलेले होते आणि गाठ उलटी होती. वाचकांच्या माहितीस्तव सांगणे भाग आहे की, थोरल्याच्या उजव्या तर्जनीचे पेर लहानपणी दाराच्या फटीत सापडून गेले. त्यामुळे त्याची गाठ डावीकडून फिरते व दोऱ्याचे टोक मागे वळून आत शिरते. तशी गाठ मारणारा दुसरा एकच मनुष्य होता. धाकट्याची दहाही बोटे शाबूत होती. परंतु त्याला गाठ मारायला थोरल्यानेच शिकवले होते.

तेवढ्यात धाकटा समोरून आला. त्याच्या छातीवर काचघराचा बिल्ला होता. भावाला पाहताच त्याने बिल्ल्यावर हात ठेवला.

"दादा, तू येणार नव्हतास ना?"

"तुझ्या वहिनीनं पाठवलं. म्हणाली, मेलेल्या रोपाचं किती दिवस घेऊन बसणार, दुसऱ्यांची जिवंत तरी बघून या."

यावर धाकट्याने खालच्या आवाजात सर्व काही सांगितले. काचघरवाले त्याला प्रदर्शनानंतर मुख्य माळी नेमणार होते. मात्र ते रोप आणशील तरच जागा, अशी त्यांची अट होती. थोरल्याच्या सावलीत त्याचे निम्मे आयुष्य गेले होते. मागून मिळाले नसते, म्हणून त्याने मागितले नाही.

"मागून तर बघायचंस," थोरला म्हणाला.

धाकट्याने बिल्ल्यावरचा हात खाली घेतला.

"रोप नेलंस तर नेलंस. माझा हात कशाला नेलास?"

धाकट्याने एवढेच विचारले, "तुला कळलं कसं?"

थोरल्याने खिशातून लहान कात्री काढली. काचघराचे मालक दुरूनच, हात लावू नका, असे म्हणत पुढे आले. धाकट्याने त्यांना हातानेच थांबवले. थोरल्याने कात्रीचे टोक दोऱ्याखाली सरकवले. हाताला कंप नव्हता. एकही मूळ न दुखवता त्याने दोरा कापला, ओढून घेतला आणि गाठीसकट धाकट्याच्या तळहातावर ठेवला.

"किती वेळा सांगितलं, मुळं धरली की दोरा काढायचा. दर वेळी विसरतोस."

दोरा निघाला, तरी रोप तसूभरही हलले नाही. त्याच्या मुळांनी नवी साल केव्हाच घट्ट धरली होती.

हकीकत येथे पुरी झाली. आपला मोलाचा वेळ खर्चून ती वाचल्याबद्दल वाचकांचा मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
ते रिकामे फळकूट ज्याने कापून दिले होते, तो शेजारचा सुतार