गाडीत जायचा ढीग

"हे जाळायचं, हे घरात राहणार आणि हे गाडीत जाणार," डोयना म्हणाली. पाहुण्यांच्या खोलीत मधोमध उभं राहून तिने बोटाने तीन जागा दाखवल्या.

राईसाने मान डोलावली. इटलीहून गावी परतून तिला पंधरवडाही झाला नव्हता. घराचं छप्पर तिच्या कमाईचं, तरी लेकीसमोर ती चोरासारखी वावरत होती. तिकडे पादोव्यात म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढण्यात तिचं वय सरलं. शेवटची म्हातारी वारली तेव्हा तिने ठरवलं, आता पुरे, आता लेकीजवळ राहायचं. लेक जवळ करते की नाही, एवढंच काय ते बघायचं होतं. त्यामुळे 'आई, आता तू आलीस, घर आवरून टाकू' असं डोयना आपण होऊन म्हणाली, तेव्हा राईसाचा जीव भांड्यात पडला.

गाडी कुठली, हे तिने विचारलं नाही. हिवाळ्याच्या तोंडावर मठाची गाडी गोरगरिबांसाठी जुने कपडे गोळा करत मोल्दोवातल्या या गावांतून फिरायची. तीच असणार.

डोयनाने कपाट उघडलं आणि राईसा हबकली. आत तिनेच पाठवलेलं सगळं होतं. तांबडा कोट, दुकानाची चिठ्ठी तशीच. बूट, दोरीने एकमेकांना बांधलेले. आणि खोक्यातली बाहुली. खोक्यावरचा चकचकीत कागदसुद्धा फाटला नव्हता.

"यातलं काहीच वापरलं नाहीस?"

"आजी म्हणायची, बाहेरदेशीचं आहे, मळेल. चांगलं ते या खोलीत ठेवायचं." डोयना हसली. "रविवारी कपाट उघडून दाखवायची. हात मागे बांधून बघायचं, बरं का."

आजी म्हणजे राईसाची सासू, अग्लाया. पोरीला तिनेच वाढवलं. ती गेली तेव्हा राईसाला येता आलं नव्हतं, त्याची खंत होती. आता ती खंतही उरली नाही. या बाहुलीसाठी कुणाकुणाचे पाय चेपले होते, आणि म्हातारीने ती कपाटात कोंडून ठेवली!

"मग हे… गाडीत?" तिने भीत भीत विचारलं.

"छे! बाहुली घरात राहील. कोटही राहू दे, अनुत्साला आता बरोब्बर होईल."

अनुत्सा म्हणजे डोयनाची मुलगी, पाच वर्षांची. राईसा गेली तेव्हा डोयनाही एवढीच होती. फाटकाशी उभी राहून हमसून हमसून रडत होती. 'ईस्टरपर्यंत येते, येताना बाहुली आणीन,' असं राईसाने तिला सांगितलं होतं. बाहुली आली, राईसा आली नाही. तिच्याकडे तिथले कागद नव्हते. एकदा निघाली असती तर परत आत शिरता आलं नसतं. कागद मिळाले तोवर पोरगी फोनवर यायची बंद झाली होती.

"बाहुली काढून देऊ का अनुत्साला आत्ताच?"

"नको. कधी फारच रडली तर दे."

मग अग्लायाच्या वस्तू निघाल्या. डोक्याला बांधायचा लोकरी रुमाल, चुलीशी एक कोपरा जळालेला.

"गाडीत," डोयना म्हणाली.

"आजीचा रुमाल? अगं, तुझी लाडकी ना ती?"

"म्हणून काय झालं? गाडीत."

मक्याची कणी ढवळायचा झिजलेला दांडका गाडीत. आजीच्या मांडीवर बसलेल्या डोयनाचा फोटो, तोही गाडीत. राईसाचा लग्नातला फोटो मात्र डोयनाने फडक्याने पुसला आणि भिंतीवर परत लावला.

मेलेल्या बाईवर मात केल्याचा आनंद काही बरा नव्हे. पण राईसाला झाला, आणि तो तिने हावऱ्यासारखा भोगला. सासूचं सगळं घराबाहेर चाललं होतं आणि तिचं राहत होतं. पोरीने तोंडाने म्हटलं नाही, तरी माफ केलं होतं.

"अनुत्सा आजपासून तुझ्याजवळ झोपू दे," डोयना घड्या घालत म्हणाली. "दुधावर साय आली तर पीत नाही ती, गाळून दे. रात्री उठली तर दिवा लावू नकोस, नुसतं बोलत राहा."

"सांग, सांग. शिकते मी सगळं."

"शिकायचं काय त्यात? इतकी वर्षं परक्यांचं केलंसच की."

टोमणा जिव्हारी लागला, पण राईसाने तो गिळला. शिवणाचा कारखाना बंद पडल्यापासून पोरगी चिडचिडी झालीय, तिने मनाची समजूत घातली. संध्याकाळी अनुत्सा तिला 'इटलीवाली आजी' म्हणत कुशीत शिरली, तेव्हा तर ती सगळंच विसरली.

रविवारी सकाळी गाडी फाटकाशी थांबली. मठाची नव्हती. पुढच्या काचेत पादोव्याची पाटी होती आणि स्टिअरिंगवर ग्रिगोरे. यानेच त्या वर्षी राईसाला तिकडे नेलं होतं. आता त्याचे केस पांढरे झाले होते. मागे मांडीवर पिशव्या घेऊन बायका दाटीवाटीने बसल्या होत्या.

"काय राईसा, आलीस वाटतं कायमची?" तो म्हणाला.

डोयनाने तो तिसरा ढीग एका पिशवीत भरून आणला होता. कोपरा जळालेला रुमाल तेवढा बाहेर काढून तिने डोक्याला घट्ट बांधला. तांबड्या कोटातल्या अनुत्साचा मुका घेतला, तिचा हात राईसाच्या हातात दिला आणि गाडीत चढून रिकाम्या जागेवर बसली.

काच खाली झाली.

"ईस्टरपर्यंत येते," आईच्या डोळ्यांत बघत ती लेकीला म्हणाली, "येताना बाहुली आणीन."