वरचे दोन दात

“संध्याकाळपर्यंत दात तयार,” दुभाषी मुलगी हसत म्हणाली, आणि खुर्चीत आडव्या पडलेल्या बाईनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

पाच दिवस लागणार होते. दवाखान्याच्या पत्रकात तसं स्वच्छ छापलं होतं. पहिल्या दिवशी आजूबाजूचे दात घासून माप घेणार, मग कारागीर हातानं दातांचा ब्रिज घडवणार, पाचव्या दिवशी तो बसवणार. तिनं ते पत्रक इतक्यांदा वाचलं होतं, की घडीवरची अक्षरं पुसून गेली होती. आता ही पोरगी कौतुकानं सांगत होती, की गेल्याच महिन्यात यंत्र आलंय, मापही तेच घेतं आणि दातही तेच कोरतं. मेलं यंत्र! आत्ताच यायचं होतं त्याला. तिला ‘नको’ म्हणून ओरडायचं होतं, पण भुलीचं इंजेक्शन देऊन झालं होतं. ओठ जड पडले होते आणि जीभ हलत नव्हती.

कोपऱ्यातल्या स्टुलावर नवरा मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. काल रात्री उतरलो, आज रात्री परत बसमध्ये, हे ठरलंच म्हणायचं. विनाकारण लॉजचं भाडं भरणाऱ्यांतला तो नव्हे.

सीमेपलीकडच्या याच शहरात तिचा मुलगा होता. त्याला पाहून चार वर्षं झाली होती. घरचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. नव्या पाटीवर ‘आणि चिरंजीव’ असं रंगवून आणलं, आणि त्याच आठवड्यात चिरंजीव म्हणाले, मला जन्मभर किल्ल्या घासायच्या नाहीत. सीमा ओलांडून निघून गेले. बापानं स्वतः शिडीवर चढून ते दोन शब्द काळ्या रंगानं झाकून टाकले. या घरात त्याचं नाव निघालं तर मी दुकानात झोपायला जाईन, म्हणाला. नाव निघालं नाही. मुलगाही बापाचाच, त्यानं एक ओळ धाडली नाही. कुणाकुणाकडून तिला एवढंच कळलं होतं, की तो इथे कुठल्याशा लाँड्रीत कामाला आहे.

भेटायला जाते म्हटलं असतं, तर नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. पण स्वस्तात पडतंय म्हटलं, की हा माणूस कुठेही यायला तयार. ती नस तिला पक्की ठाऊक होती. म्हणून तिनं बाजारातल्या दातवाल्यापुढे तोंड उघडलं आणि वरचे दोन दात दाखवले. तो म्हणाला, बाई, हे तर दगडासारखे आहेत. ती म्हणाली, ठणकतात, काढ. नवऱ्याला सांगितलं, किडले होते. मग गावातला डॉक्टर ब्रिजचे किती मागतो ते त्याच्या कानावर घातलं. त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तिनं हे पत्रक त्याच्या चहाच्या कपाखाली ठेवलं. बसभाडं धरूनही निम्म्यात काम होत होतं.

सगळं कसं जमून आलं होतं. रोज दुपारी नवरा जेवून घोरत पडेल, तेवढ्यात ती एकेक लाँड्री पालथी घालेल. आता एक दुपारसुद्धा हातात उरली नव्हती.

डॉक्टरनं आरसा घालून पुन्हा आत पाहिलं, एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी चाचरली. मग नवऱ्याकडे वळून तिनं अडखळत सांगितलं, की डॉक्टर म्हणतात, इथलं हाड ठणठणीत आहे, किडीचं काही चिन्ह नाही. चांगले दात काढले कुणी, आणि कशासाठी?

तिनं डोळे गच्च मिटले. संपलं. आता तो उठेल, परक्या माणसांसमोर तिचे वाभाडे काढेल, आणि पुन्हा या शहराचं नाव काढायची सोय राहणार नाही. दात गेले ते गेले, पोरगाही गेला. पाणी डोळ्यांतून निघून कानांत शिरत होतं. ते पुसायचंही तिला त्राण नव्हतं.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

“हातानं करायला किती दिवस लागतात?” नवऱ्यानं विचारलं.

“पाच. पण यंत्रावर…”

“हातानंच करा.”

मुलीनं समजावून पाहिलं. यंत्राचा ब्रिज तितकाच मजबूत होतो, शिवाय तुमचा लॉजचा खर्च वाचेल. तो म्हणाला, आमचा यंत्रावर विश्वास नाही. दुकानात किल्ल्या कापायची दोन यंत्रं ठेवणारा माणूस हे बोलत होता. तिनं डोळे उघडले.

मापाचं सामान आणायला डॉक्टर आणि मुलगी दोघं आतल्या खोलीत गेले. नवरा खुर्चीपाशी आला. तिच्याकडे न बघता त्यानं रुमालानं तिचे कान पुसले आणि खिशातून एक चिठ्ठी काढून तिच्या मुठीत कोंबली. चिठ्ठीवर एक पत्ता होता, त्याच्याच अक्षरात. दात काढले त्याच संध्याकाळी दातवाल्यानं दुकानात येऊन सगळं सांगितलं होतं, एवढंच तो पुटपुटला. तिला खूप काही विचारायचं होतं, पण ओठ हलेनात.

“बोलू नकोस, भूल उतरू दे,” तो म्हणाला. “स्टेशनमागची लाँड्री आहे. सकाळी तू झोपली होतीस तेव्हा बघून आलो. पाचला सुटतो तो. शेजारीच चहाचं दुकान आहे, तिथे घेऊन जा त्याला. फक्त खिडकीशी बसव. मी रस्त्याच्या पलीकडे उभा असेन.”