खुंटा

"आधी वजन उतरवा, मग या." डॉक्टरांनी तिसऱ्या खेपेलाही तेच सांगितलं आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

ती खुर्चीतून हलली नाही. नणंदेने तिचा दंड ओढला. "वहिनी, चला ना. बाहेर लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत."

ती ज्या लॉन्ड्रीत कामाला होती, तिथल्या बायकांच्या रस्सीखेचीच्या संघात ती सगळ्यांत मागे असायची. दोर कमरेला घ्यायचा, टाचा रोवायच्या आणि मागे रेलायचं. समोरच्यांच्या तोंडाला फेस यायचा, पण ही आपली ढिम्म! म्हणून मैत्रिणी तिला खुंटा म्हणायच्या आणि तिलाही त्याचा कोण अभिमान. पण गेल्या सामन्यात दोर पोटात रुतला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि खुंटा चक्क फरफटत गेला. सगळ्या हसल्या. ती घरी येऊन रडली. हातपाय वाळत होते आणि पोट तेवढं फुगत होतं. दोन घास खाल्ले की गच्च. आत काहीतरी बिनसलंय, याची तिला खात्री होती. आणि या बाबाने अजून पोटाला हातसुद्धा लावला नव्हता.

"अहो बाई, जाडीने शंभर आजार मागे लागतात," डॉक्टर वैतागले. "अंडाशयाच्या कॅन्सरचासुद्धा धोका वाढतो. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"मग त्यातलं मला काय झालंय, ते बघा की! धोका जास्त, तर मला आधी तपासायला हवं. का जाड बाईला नुसतं ओरडायचंच असतं?"

डॉक्टरांनी शिपायाला आत बोलावलं. "यांना बाहेर घेऊन जा."

तिने टाचा फरशीवर रोवल्या. खुर्चीचे हात घट्ट धरले.

"उचला," ती म्हणाली. "हात तर लावून बघा."

शिपायाने तिच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि गुपचूप दार ओढून घेतलं. इतका वेळ शरमेने अर्धी झालेली नणंद शेजारच्या खुर्चीत धपकन बसली. "मीपण नाही उठत."

"बरं, झोपा त्या टेबलावर. एकदाचं बघतो." डॉक्टरांनी कटकट मिटवायला म्हणून पोट दाबलं. हात थांबला. पुन्हा दाबलं, यावेळी हळू. मग त्यांनी स्वतः फोन उचलला आणि सोनोग्राफी आजच्या आज करायला सांगितली.

गाठ अंडाशयातच होती. ऑपरेशनमध्ये ती पुरती निघाली. अजून पसरली नव्हती, पण आणखी थोडे दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी डॉक्टर तिच्या खाटेपाशी येऊन उभे राहिले. नणंद तिला चमच्याने पाणी पाजत होती.

"त्या दिवशी तुम्ही उठून घरी गेला असतात, तर…" डॉक्टर म्हणाले.

आवाज खोल गेला होता, पण ती हसली.

"जाणार कशी, डॉक्टर? तुम्हीच म्हणत होतात ना, माझं वजन फार आहे म्हणून."