वसिष्ठाशेजारी

कान्हे गावच्या अंबाजीनं दुसऱ्या लग्नात हौसेनं लोणावळ्याच्या नसीर घड्याळजीला दुर्बिणीसकट बोलावलं. थोरली बायको झुंबरबाई पंगतीत वाढत होती. भटजींनी नव्या नवरीला वसिष्ठाचा तारा आणि शेजारची अरुंधती दाखवली. मग नवरीनं दुर्बिणीला डोळा लावला.

“वसिष्ठाला खेटून आनखी एक चांदनी हाय.”

“काच खराब असेल,” भटजी म्हणाले.

“काच चांगली आहे,” नसीर म्हणाला. “ती जवळची नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.”

नवरीनं झुंबरबाईला हाक मारली. “आक्का, तुमी बघा.”

झुंबरबाईनं पदराला हात पुसले आणि बराच वेळ पाहिलं.

“व्हय, हाय की,” ती म्हणाली. “माज्या लग्नात मला लांबची तेवढी दावली व्हती.”