वर केलेलं बोट

“बोट खाली घे!” दादा बॅट उगारून माझ्या अंगावर आला. “गावच्या मॅचला एलबीडब्ल्यू कुठे असतो?”

आमच्याकडे बॅटिंग करणाऱ्या टीमचाच माणूस अंपायर होतो. आज मी उभी होते. चेंडू सरळ स्टंपवर चालला होता आणि दादानं नेहमीसारखा पाय आडवा घातला होता.

“घरचीच उलटली!” सगळी टीम ओरडली.

माझं डोकं फिरलं. “परवा जिल्ह्याच्या निवडीत मीही असाच पाय घातला. पहिल्याच चेंडूला आउट! वर अंपायरशी भांडले, तेव्हा सगळे हसले. ‘बिनधास्त पाय घाल, कोण आउट देतंय,’ हे तूच शिकवलंस ना मला?”

दादाची बॅट खाली आली. “मग घरी बोलली का नाहीस?”

“आउट आहेस. चालायला लाग.”