एबेनेझरचे पाच शिलिंग

"बघ, हेच ते," म्हणत एल्सीने मृत्युपत्रांची जाड वही मेबलपुढे जवळजवळ आदळलीच. "सतराशे बावन्न साल. धाकट्याला उरलेली सगळी जमीन, आणि थोरल्या एबेनेझरला पाच शिलिंग. आमच्या घराण्याची ही जुनीच खोड आहे."

मेबल ही कनेटिकटमधल्या त्या लहानशा गावची नोंदणी कारकून. दोनच वर्षांपूर्वी इथे आलेली, पण एल्सीचं गाऱ्हाणं तिलाही पाठ झालं होतं. मार्चमध्ये एल्सीचे वडील वारले. मृत्युपत्रात धाकट्या हॅरिएटला उरलेली सगळी जमीन. थोरल्या एल्सीला एक डॉलर आणि वंशावळीच्या कागदांची तीन खोकी.

चौदा वर्षं म्हाताऱ्याचं सगळं एल्सीने केलं. फक्त कर आणि कागदपत्रं तो स्वतः बघायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही. हॅरिएट हार्टफर्डहून वर्षातून दोनदा चॉकलेटचा डबा घेऊन यायची. त्या डब्याचं आठ दिवस कौतुक चालायचं. एल्सीच्या सुपाबद्दल मात्र एवढंच, की मीठ कमी आहे. हॅरिएटचं सगळंच चांगलं. नवरा डॉक्टर, कोट फरचा, अक्षरसुद्धा मोत्यांसारखं. शाळेत त्याचं बक्षीस दरवर्षी तिलाच. पाकिटावर ते अक्षर दिसलं तरी एल्सीचा तिळपापड व्हायचा, आणि ती तो लपवतही नसे.

मृत्युपत्र वाचलं त्या दिवशी ती बहिणीला नाही नाही ते बोलली. हॅरिएटने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "ताई, आधी बाबांची खोकी तरी उघड."

चोर तो चोर, वर शिरजोर. एल्सीने बोलणं टाकलं. आज ना उद्या घराबाहेर काढतील म्हणून सामानही बांधून ठेवलं. खोकी उघडली ती वकिलाला दाखवायला काही सापडतं का, म्हणून. वडिलांच्या वहीत एबेनेझरचं पान अर्धवट सोडलेलं होतं. 'पाच शिलिंग. का? शोधणे.' म्हातारा जन्मात कधी एक गोष्ट सरळ सांगायचा नाही.

"याला जमिनीच्या वह्यांत शोधलंस का?" मेबलने विचारलं.

"पाच शिलिंगवाल्याची कसली आलीय जमीन?"

"अगं, आधीच देऊन झालं असेल, तर मृत्युपत्रात नावापुरतं टाकायचे. पोराला विसरला असं लोकांनी म्हणू नये म्हणून. उपाशी ठेवलेला आणि आधीच जेवलेला, दोघांची पानं सारखीच रिकामी दिसतात."

मेबलने दुसरी वही काढून दिली. सतराशे पंचेचाळीस. 'माझा मुलगा एबेनेझर, त्याच्यावरील प्रेमाखातर,' राहतं घर आणि नदीकाठची सारी जमीन. बाप मरायच्या सात वर्षं आधी. धाकट्याला मग उरलं होतं काय, तर टेकडीवरचे दगड आणि साप.

एल्सीने ते दोनदा वाचलं. मग उठून ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे अलीकडच्या नोंदींची सूची होती. ती आपलं स्वतःचं नाव शोधू लागली.

नोंद चौदा वर्षांपूर्वीची निघाली. नवऱ्याने सोडल्यावर ती माहेरी परतली, त्याच वर्षीची. मूळ कागदाची फोटोप्रत वहीत लावलेली होती. 'माझी मुलगी एल्सी, तिच्यावरील प्रेमाखातर,' राहतं घर आणि नदीकाठची सारी जमीन. खाली वडिलांची तिरकी सही.

अशा कागदावर इथे दोन साक्षीदार लागतात. पहिली सही गावच्या पाद्र्याची होती.

दुसरी मोत्यांसारख्या अक्षरात होती.