पेटीतलं कीर्तन

टीव्हीवर मंजुश्री कीर्तनाला उभी होती आणि मंजुश्री स्वयंपाकघरात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, ढवळत होती.

प्रसादाला जमलेल्या माणसांनी आधी टीव्हीकडं पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं. पडद्यावर याच घरची सून होती. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात रुद्राक्ष, हातात टाळ. आवाज असा मोकळा, की बैठकीतली कुजबुज आपोआप थांबली.

घरचे कर्ते वीरभद्रप्पा ताडकन उठले. तीन वर्षांपूर्वी लग्न ठरवताना त्यांनी एकच अट घातली होती. आमच्या घरची सून चार लोकांत उभी राहत नाही. तोवर मंजुश्री उदगीरकडच्या गावागावांत शिवकीर्तनं करायची. लग्न ठरल्यावर वीरभद्रप्पांसमोर बसून तिनं मोबाइलमधले सगळे व्हिडिओ पुसले होते. मग हे आलं कुठून?

आलं होतं देवघरातून. त्यांच्या मुलानं, श्रीशैलनं, चैत्रात गाणी साठवून वाजवणारा म्युझिक स्ट्रीमर आणला होता. घरात त्याला पेटीच म्हणत. दर श्रावणात या घरी सात दिवस अखंड शिवनाम चालायचं. पूर्वी गल्लीतली माणसं पाळ्या लावून रात्रंदिवस नाम घ्यायची. आता कुणाला मिलची घाई, कुणाला क्लासची. म्हणून यंदा नाम पेटीला लावलं. ते पेटीत भरायचं काम वीरभद्रप्पांनी सुनेलाच सांगितलं. तिनं नाम भरलं आणि माहेरी ठेवलेली आपली कीर्तनंही भरली. पेटीतला व्हिडिओ घरच्या वायफायवरून कुठल्याही टीव्हीवर, कुठल्याही मोबाइलवर दिसतो, हे सासऱ्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या लेखी पेटी फक्त गायची.

आज पाचवा दिवस. रविवारी समाप्तीचं कीर्तन करणारे महाराज आजारी पडल्याचा निरोप सकाळीच आला होता. त्यांच्या जागी कोण, हे विचारायला गल्लीतले वडीलधारे संगमेशअप्पा आले होते. यंदा कीर्तनाशिवाय समाप्ती, असं सांगून वीरभद्रप्पांनी नुकतंच त्यांचं तोंड बंद केलं होतं.

वीरभद्रप्पांनी स्वयंपाकघराकडं पाहून विचारलं, "हे कोण लावलं?"

उत्तर पाठीमागून आलं. त्यांच्या बायकोचं, शिवकांताबाईंचं. या बाईंचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. पहाटेची इष्टलिंगपूजा, सोमवार, प्रदोष, यांतच त्यांचं आयुष्य चाललेलं. रिमोट त्यांच्या मांडीवर होता.

"तिला काय विचारता? मी लावलं."

वीरभद्रप्पांनी रिमोट ओढून घेतला आणि टीव्ही बंद केला. तोच आवाज आतल्या खोलीतून यायला लागला. तिथं बायका बसल्या होत्या. ते आत गेले, तिथलाही टीव्ही बंद केला. मग आवाज नीलम्माच्या मोबाइलमधून आला. शेजारची नीलम्मा या घरच्या वायफायवर वर्षभर मालिका बघायची. ती मोबाइल पदराखाली धरून म्हणाली, तुमी बाहीर बसा अप्पा, आमी काय तुमच्या घरचं लुटायलो न्हाई. बायका हसल्या. वीरभद्रप्पांचे कान लाल झाले.

त्यांनी श्रीशैलला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, पेटी चालू आहे तोवर हे असंच चालणार.

ते देवघरात शिरले. कोनाड्यात पेटी आणि वायफाय एकाच बटणावर होतं. बटण दाबलं की कीर्तन थांबणार होतं. नामही थांबणार होतं. सोमवारी पहाटे त्यांनी स्वतः संकल्प सोडला होता, सात दिवस नामात खंड पडू देणार नाही म्हणून. पेटीतून "ॐ नमः शिवाय" एका लयीत चाललं होतं. मागं दारात अख्खी गल्ली उभी राहिली.

शिवकांताबाई हळूच म्हणाल्या, नाम तुटेल. वीरभद्रप्पांच्या कानावर ते पडलं. एक पळभर बंद करायचं, लगेच चालू करायचं, एवढ्यानं काय होतंय, असं त्यांनी मनाशी ठरवलं. माणसांसमोर आता माघार घेणं त्यांना जमणार नव्हतं.

त्यांनी बटण दाबलं.

नीलम्माच्या पदराखालचं कीर्तन अर्ध्या शब्दावर थांबलं. पेटी मुकी झाली. पण नाम थांबलं नाही.

ते स्वयंपाकघरातून येत होतं. त्याच लयीत, मध्ये श्वासाएवढीही फट न पडता. मंजुश्री गॅसपाशी पाठमोरी उभी होती. ती नाम घेत होती. तिनं ते आत्ता सुरू केलं नव्हतं. पाच दिवस लाटताना, ढवळताना, भांडी विसळताना ती पेटीबरोबर नाम घेत होती. पेटीपुढं ते ऐकू येत नव्हतं एवढंच.

वीरभद्रप्पांनी घाईघाईनं बटण पुन्हा दाबलं. पेटीचा निळा दिवा लुकलुकायला लागला. शिवकांताबाईंनी हात पुढं केला आणि बटण बंद करून टाकलं. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचा हात पहिल्यांदाच बाजूला सारला.

"राहू द्या. नाम आता तिच्या तोंडात हाय. तिला गप्प बसवायचं असंल तर अखंड तुमच्या तोंडानं मोडा."

वीरभद्रप्पा कोनाड्यापासून बाजूला झाले. मंजुश्री गॅस बंद करून, हात पुसत देवघरात आली. नाम घेतच होती. माणसांनी तिला वाट दिली. सासऱ्यांकडं न बघता ती पेटीसमोर मांडी घालून बसली आणि तिनं आवाज मोकळा सोडला. एकेक करून बायका तिच्या मागं बसल्या आणि नाम झेलायला लागल्या.

संगमेशअप्पांनी चपला घातल्या. दारातून मागं वळून म्हणाले, "वीरभद्रप्पा, रविवारी कीर्तनाला कोण, तेवढं पुन्हा विचारायचं होतं. आता न्हाई विचारत."